'डिले'ला मराठीत काय म्हणावं? विलंब, यती, खोळंबा की आणखी काही?

रात्रपाळी
ट्वाइनवर (वाचकाने निवडत पुढे न्यायच्या गोष्टी बनवायचं साधन) एक संदेशगोष्ट लिहितोय. वाचकाला पात्राचे मेसेज येतात, तो दोनपैकी एक उत्तर निवडतो आणि गोष्ट पुढे सरकते. पात्र 'खाली जाऊन बघून येतो' म्हणालं की पुढचा मेसेज चाळीस मिनिटांनी येतो. मुद्दामच. सेटिंगमध्ये मी या प्रकाराला 'विलंब' म्हटलं आणि 'विलंब चालू / विलंब बंद' असं बटण दिलं. पहिली वाचक म्हणजे सख्खी बहीण. तिने विचारलं, "अरे, विलंब चालू कशाला ठेवलायस? दुरुस्त कर की!" तेव्हा 'डिले'ला बरा शब्द सुचवा. 'पेसिंग'ला, म्हणजे मेसेज किती अंतराने येत राहतात त्याला, 'गती' चालावं असं वाटतंय.

पाटीपेन्सिल
बहिणीचं बरोबर आहे. विलंब हा शब्द मराठीत कायम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. विलंब शुल्क, विलंब माफीचा अर्ज, अक्षम्य विलंब. कुणीतरी वेळ चुकवल्याशिवाय विलंब होतच नाही. त्याला मान आहे तो फक्त गाण्यात. विलंबित ख्याल ऐकताना 'बुवांना उशीर झाला' असं कुणी म्हणत नाही.
गंमत म्हणजे मूळ धातू 'लम्ब्', म्हणजे लोंबणे. लंबक, अवलंबून ही त्याचीच भावंडं. म्हणजे मुळात दोष नाही, नुसतं लोंबकळणं आहे. आपण 'जीव टांगणीला लागला' म्हणतो, तेही लोंबकळणंच. तुमच्या गोष्टीत चाळीस मिनिटं वाचकाचं जे होतं ते हेच. पण रूढ अर्थापुढे व्युत्पत्तीचं काही चालत नाही.
'गती' नको. गती म्हणजे वेग. दोन मात्रांमधलं अंतर कसं राखलंय, त्याला लय म्हणतात. विलंबित, मध्य, द्रुत हे लयीचेच प्रकार. गाडीला गती, गोष्टीला लय.

खडूस काका
डिले म्हणा आणि मोकळे व्हा. सगळ्यांना कळतं.

तिसरी घंटा
काका, कळतं हो. पण बटणावर 'डिले चालू' लिहिलं असतं तरी बहीण तेच म्हणाली असती.
नाटकवाल्यांचा 'पॉज' सुचवणार होते, पण अडलं. पॉज घेणारा नट रंगमंचावरच असतो. श्वास रोखलेला, पण समोर. 'लाइफलाइन' (२०१५) हा मेसेजांचा खेळ आठवा. दूरच्या एका ग्रहाच्या चंद्रावर अडकलेलं टेलर नावाचं पात्र तुमच्याशी बोलत असतं. 'तिकडे चालत जायला तासभर लागेल' म्हणतं आणि खरंच तासभर गप्प. पडद्यावर फक्त 'टेलर कामात आहे'. हा पॉज नाही, ही एक्झिट आहे. नट विंगेत गेलाय आणि आत त्याचं काहीतरी चाललंय.
अवांतर: टेलर पुरुष की स्त्री हे तो खेळ सांगत नाही. मराठीत आणायचं तर 'गेला' की 'गेली' इथेच पहिल्या मिनिटाला भांडं फुटेल. 'कामात आहे' मात्र सुटतं. 'टाइप करत आहे' हेही सुटतं. आपल्या भाषेत गप्प बसलेल्या पात्राचं लिंग लपतं, बोलायला लागलं की उघडं पडतं!

वृत्तवेडी
सेकंदांच्या थांब्याला 'यती' घ्या. कवितेच्या ओळीच्या आत, ठरलेल्या मापाने येणारा थांबा. मंदाक्रांता वृत्तात ओळीची सतरा अक्षरं, थांबे चार, सहा आणि सात अक्षरांवर. कवीची लहर म्हणून नाही, रचनेतच बसवलेले. दोन मेसेजांमधले तुमचे दोन-तीन सेकंद तसेच आहेत. लहान मेसेजला लांबलचक 'टाइप करत आहे' दाखवलंत तर तो यतिभंग. 'हो' लिहायला कुणाला बारा सेकंद लागतात?

रात्रपाळी
लागतात की. 'हो' म्हणावं की नाही याचा विचार करणाऱ्याला लागतात. :) माझ्या गोष्टीत नेमकी अशी एक जागा आहे.
पण विभागणी पटली. तांत्रिक बाजूनेही ती खरी आहे. ट्वाइनचे हार्लो आणि शुगरक्यूब असे दोन साचे आहेत. सेकंदांसाठी हार्लोत 'लाइव्ह' आणि शुगरक्यूबमध्ये 'टाइम्ड' मॅक्रो, म्हणजे तयार आज्ञा, आहे, काम भागतं. तासांचं तसं होत नाही. टॅब बंद केला की टायमर मेला. मग पात्र कधी गेलं ती घड्याळाची वेळ नोंदवून ठेवायची आणि वाचक परतला की किती वेळ उलटला ते मोजायचं. म्हणजे यती पानात राहते, दुसरा प्रकार पानाबाहेर. त्या दुसऱ्याला काय म्हणायचं?

उंबरठा
कुणाच्या बाजूने म्हणताय त्यावर आहे. 'बरी मी, माय लव्ह' हा २०१७चा खेळ. सीरियातून नूर युरोपच्या वाटेला लागते, नवरा माज्द मागे राहतो आणि आपण माज्द असतो. नावच मुळी एका अरबी लाडाच्या बोलीवरून आलंय: 'मला तूच पूर', म्हणजे माझ्याआधी जाऊ नकोस. प्रत्यक्ष वेळेत खेळायचं ठरवलं तर ती प्रवासात असताना तासन् तास काही येत नाही. सीमेवर नूर अडकते तो तिचा खोळंबा. फोनकडे बघत बसलेल्या माज्दचा खोळंबा नाही, त्याच्या जिवाला घोर. वेळ तीच, शब्द दोन. म्हणून घड्याळाकडे बघून शब्द निवडू नका.
वेळेचा प्रश्न सोडवायला पैसे मागणारी गोष्टींची अ‍ॅप्सही आहेत. 'पुढचा मेसेज हवा तर थांबा, नाहीतर भरा.' त्याला शब्द शोधायची गरज नाही. टोलनाका.

पाटीपेन्सिल
आणि विलंब अगदी चपखल बसतो अशीही एक जागा सापडली. कोरियन 'मिस्टिक मेसेंजर' (२०१६). त्यातल्या गप्पा ठरलेल्या वेळी उघडतात, काही तर पहाटे तीनला. झोपलात तर हुकल्या. नंतर त्यात शिरायचं तर खेळातली वाळूची घड्याळं खर्च करा. इथे उशीर पात्राला होत नाही, तुम्हाला होतो आणि दंडही तुम्हीच भरता. शंभर टक्के विलंब शुल्क.

तिसरी घंटा
'अवकाश' कुणीच कसं सुचवलं नाही? आमची आजी 'जेवायला अजून अवकाश आहे' म्हणायची. त्यात ना दोष, ना घाई. नुसती मोकळी जागा, वेळेतली.

वृत्तवेडी
सुंदर आहे, पण आता तो यानांनी पळवलाय. बटणावर 'अवकाश चालू' दिसलं तर लोक रॉकेट शोधतील.

खडूस काका
टेलर चंद्रावरच आहे ना? मग बसतंय की.

रात्रपाळी
काकांना +१.
तर सध्या असं केलंय. आत कोडमध्ये सेकंदांना 'यती', तासांना 'खोळंबा', कारण माझं पात्र खरोखर जिन्यात अडकलेलं असतं. बाहेर वाचकाच्या बटणावर दोन्ही शब्द नाहीत. तिथे 'सवडीने / भरभर'. बहिणीला दाखवलं, तिने न विचारता 'सवडीने' दाबलं.

पाटीपेन्सिल
आमच्याकडे 'सवडीने करतो' म्हणजे कधीच करत नाही. चाळीस मिनिटांनी मेसेज खरंच येतो ना, तेवढं बघा.