शिरांतल्या ‘पांढऱ्या दोऱ्यां’चा तो व्हिडिओ

रामबागकर: काल इथे व्हिडिओ टाकला कोणीतरी, मृतदेहाच्या शिरेतून पांढरे लांब दोरे ओढतायत आणि खाली लिहिलंय ‘कोरोनाच्या लसीआधी असलं कधी दिसलं नव्हतं’. डोकंच फिरलं. चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलचा अभ्यास 2008 मध्ये छापून आलाय, 1000 शवविच्छेदनं, 159 जणांच्या फुप्फुसात गुठळ्या. तेव्हा कुठली लस? हॅम्बर्गला 2020 मध्ये, लस यायच्या आधी, कोरोनाने गेलेल्या 12 जणांचं पीएम (शवविच्छेदन) केलं, 7 जणांच्या पायांत गुठळ्या निघाल्या, जिवंतपणी कोणाला शंकाही नव्हती, आणि त्या फुप्फुसात जाऊन अडकल्या म्हणूनच चौघं गेले.

सराफा_रात्र: भिया, 2024 मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीनेच (आपली कोविशील्ड त्यांचीच) ब्रिटनच्या कोर्टात लिहून दिलं ना की लसीने गुठळ्या होऊ शकतात? आमच्या गल्लीतला 34 वर्षांचा पोरगा मागच्या वर्षी जिममध्ये वारला, त्याचं काय?

रामबागकर: दिलंय लिहून, मान्य. ‘फार क्वचित’ हेही त्यातच आहे. लसीच्या त्या त्रासात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरतात, बऱ्याचदा मेंदूच्या शिरेत गुठळी होते, तेही डोसनंतर काही आठवड्यांत. त्या पोराचं पीएम केलं का?

सराफा_रात्र: नाही, आणि का करावं? बाबांच्या वेळी देह सकाळपासून अडकवून ठेवला, दिवे लागल्यावर हातात दिला, आई दारात बसून होती. तुम्ही नका शिकवू.

लॅबवाला: 22 वर्षं पॅथॉलॉजीत आहे. मेल्यावर गोठलेलं रक्त जेलीसारखं लिबलिबीत, ओढलं की लांब निघतं, वर कोंबडीच्या चरबीसारखा पिवळट थर. जिवंतपणीची गुठळी कोरडी, ठिसूळ, थराथरांची. व्हिडिओत नुसतं बघून काय ठरवणार?

काकू_नारायणबाग: भांडा तुम्ही. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, येणारा-जाणारा सांगायचा ‘अजिबात उठू नका हं’. मोजा काढला तर डाव्या पोटरीवर खोल वळ, ती सुजलेली पोटरी मी स्वतः तेल लावून चोळली. 19 व्या दिवशी बाथरूमच्या दारात दम लागला आणि गेल्या. सर्टिफिकेटवर हार्ट अटॅक. पीएमला मीच नाही म्हटलं, देह फाडू द्यायचा नव्हता. आता रोज वाटतं, पडून राहून पायात गुठळी झाली होती का, कळलं तरी असतं.

सराफा_रात्र: काकू, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. व्हिडिओ मीच टाकला होता, काढतो. पीएमचं अजूनही पटत नाही. पण आईचा गुडघा बदललाय, दिवसभर पडून असते, घाबरते म्हणून आम्हीच उठवत नाही. पोटरी बघतो आत्ता.

काकू_नारायणबाग: दोन्ही पाय शेजारी ठेवून बघ. एक सुजलेला दिसला तर चोळू नकोस, सरळ दवाखान्यात ने.