प्रतिसाद: मुली सोशिक आणि मुलगे रडके?

वर एकांनी लिहिलंय की ऑपरेशननंतर मुलगे जास्त रडतात, मुली सोसतात. आमच्याकडे इंदूरला भाचीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आजी हेच म्हणाली, "पोरीची जात, सोसेल हो." पोर होती पाच महिन्यांची! (हर्निया मुलग्यांत कितीतरी जास्त, पण मुलींनाही होतो.)

मला वाटतं, फरक बाळापेक्षा बघणाऱ्यात जास्त असतो. २०१९ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बोटाला सुई टोचलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा एकच व्हिडिओ मोठ्या माणसांना दाखवला. काहींना सांगितलं मुलगा आहे, काहींना मुलगी. 'मुलगा' ऐकलेल्यांनी वेदना जास्त मोजली. मूल तेच, रडणंही तेच.

बाळाला किती दुखतंय हे अंदाजावर न सोडता मोजायला नर्स चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना ० ते २ गुण देतात. पॅरासिटामॉलचा डोसही मुलगा-मुलगी बघून नाही, वजनाच्या किलोवर ठरतो.

आणि हो, तान्ह्यांना दुखतच नाही असं मानून १९८०च्या दशकापर्यंत कित्येकांवर पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया होत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेवेळी फेंटानिल (तीव्र वेदनाशामक औषध) दिल्यावर शरीरावरचा ताण कमी होतो, हे १९८७ मध्ये दाखवणारे डॉ. कंवलजीत सिंह आनंद आपल्याच इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचे. इंदूरकरांनी पोह्यांइतकाच याचाही टेंभा मिरवायला हरकत नाही!

भाचीला औषध वेळेवर मिळालं. आजी मात्र अजून "सोशिक गं माझी बाय" म्हणते.