मोडी लिपीचा स्वाध्याय: लिप्यंतर शेजारी असले तरच वाचता येते

कागदपत्री (प्रश्न):
नमस्कार. आमच्या घरी पणजोबांच्या काळातली काही खरेदीखते आणि गहाणखते आहेत. ती स्वतः वाचता यावीत, एवढ्यासाठी मी गेल्या पावसाळ्यापासून घरच्या घरी मोडी शिकत आहे, कारण नोकरीमुळे वर्गाला जाणे जमत नाही. माझ्याजवळच्या पुस्तकात डाव्या पानावर मूळ मोडी पत्र आणि उजव्या पानावर त्याचे बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिप्यंतर आहे. रोज रात्री एक पत्र घेऊन मी दोन्ही पाने ओळीओळीने ताडून पाहतो, अवघड शब्दांखाली रेघा मारतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पत्र पुन्हा वाचतो. पुस्तकातली पत्रे आता न अडखळता वाचता येतात. परंतु घरचा कागद समोर धरला की पहिल्याच ओळीत गाडी अडते. अभ्यासाचा वेळ वाढवावा, की पद्धतच बदलावी?

सायंशाळा:
पद्धत बदलावी. लिप्यंतर शेजारी उघडे असताना आपण मोडी वाचत नसता, तर आधीच ठाऊक असलेला मजकूर मोडीत सापडतो का, हे पाहत असता; आणि तेच पत्र दुसऱ्या दिवशी सरसर वाचता आले, तर ते अक्षरे ओळखल्यामुळे की मजकूर तोंडपाठ झाल्यामुळे, हे आपले आपल्यालाच कळत नाही. पुन्हा पुन्हा वाचल्याने येणारा ओळखीचा भास फसवा असतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर दुसरा एकदाच वाचून मग न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला (८१ टक्के, आणि लिहून काढलेला ७५ टक्के). आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले आणि दोनदा वाचलेला उतारा ४२ टक्के, तर लिहून काढलेला ५६ टक्के आठवला. रात्रीच्या अभ्यासाने आपल्याला वाटणारे समाधान हे त्या पाच मिनिटांनंतरचे समाधान आहे.

तेव्हा उजवे पान जाड कागदाने झाका, पत्राचे जमेल तेवढे लिप्यंतर स्वतःच्या वहीत लिहा, न लागलेल्या अक्षराच्या जागी फुली मारून पुढे जा आणि पत्र संपल्यावरच झाकण काढा. ताडून पाहण्याची पायरी मात्र गाळू नका, कारण एकट्याने शिकणाऱ्याची चूक दाखवायला दुसरे कोणी नसते आणि चुकीचे वाचनही सरावाने तितकेच पक्के होते. रेघा मारण्याबद्दल एवढेच सांगतो, की त्याने पुस्तक रंगते.

बोरूबहाद्दर:
वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे. परंतु ज्याची मुळाक्षरेच कच्ची आहेत त्याने पान झाकून बसण्यात अर्थ नाही, त्याला फुल्यांखेरीज वहीत काहीच दिसणार नाही. आधी कित्ता गिरवा. ही केवळ जुन्या शाळेची आठवण म्हणून सांगत नाही. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. त्यामुळे एक अक्षर दुसऱ्याला जोडताना, किंवा त्याला काना-वेलांटी लागताना, त्याचे रूप पालटते. 'र' याचा तर नमुनाच आहे. ही रूपे तक्त्यावर पाहून पाठ होत नाहीत. लेखणी कुठून निघाली आणि कुठे वळली हे हाताला कळले, की डोळ्याला ती आपोआप उलगडतात. म्हणून झाकण्याचा प्रयोग उलट्या दिशेनेही करावा: मोडी पान झाकून बाळबोधावरून तेच पत्र मोडीत लिहून पाहावे.

दुसरी गोष्ट, अडखळण्याचे कारण पुष्कळदा अक्षर नसतेच. जुन्या मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि नेहमीचे शब्द एका-दोन अक्षरांत आटोपलेले असतात. हे संक्षेप, तसेच पेशवेकालीन कागद हाती आल्यास सुहूर सनाचे (त्या काळच्या कालगणनेतल्या वर्षाचे) अरबी संख्याशब्द, हे सरळ पाठच करावे लागतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की पानिपताचे १७६०-६१ हे वर्ष निघते. हे तर्काने कुणाला सुचणार?

कागदपत्री:
दोघांचेही आभार. मुळाक्षरे बरी आहेत, संक्षेप अजिबात पाठ नाहीत. झाकून वाचलेले पत्र पुन्हा केव्हा घ्यावे? आणि सोपे हस्ताक्षर पूर्ण हाती आल्याशिवाय दुसरे घेऊ नये, असे एकाने सुचवले आहे. ते योग्य आहे का?

सायंशाळा:
संक्षेपांच्या चिठ्ठ्या करा: पुढे मोडी रूप, मागे पूर्ण शब्द. जी चिठ्ठी ओळखता आली ती काही दिवसांनी घ्या, पुढच्या वेळी त्याहून अधिक अंतराने. जी चुकली ती उद्याच पुन्हा. पत्रांनाही तोच नियम लावा, मात्र मजकूर विसरायला लागेपर्यंत थांबा, नाहीतर पुन्हा स्मरणच वाचाल.

हस्ताक्षरांबाबतचा तो सल्ला मला पटत नाही. कॉर्नेल आणि ब्यॉर्क यांच्या २००८ सालच्या प्रयोगात निरनिराळ्या चित्रकारांची चित्रे मिसळून पाहणाऱ्यांना नवे चित्र कोणाचे हे अधिक चांगले ओळखता आले, आणि तरीही एकेका चित्रकाराची चित्रे सलग पाहणे बरे, असेच त्यांतल्या बहुतेकांना वाटत होते. लेखनिकांच्या वळणांचेही असेच असावे असा माझा अंदाज आहे. एकाच हाताची पत्रे वाचत राहिल्यास त्या एका लेखनिकाशीच ओळख होते.

बोरूबहाद्दर:
घरचे कागदही आताच अभ्यासात घ्या, शेवटासाठी राखून ठेवू नका. खरेदीखत पहिल्या ओळीपासून वाचण्याचा हट्ट मात्र धरू नये, कारण सुरुवातीला संक्षेपांची गर्दी असते. मजकुराच्या पोटात चतुःसीमा शोधा. तेथे पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस हे शब्द येणारच, आणि त्यांच्यापुढे शेजाऱ्यांची नावे, ओढा किंवा रस्ता. गावातली आडनावे आपल्याला माहीत आहेत, तेव्हा त्या लेखनिकाची बरीचशी अक्षरे त्या चार ओळींतच हाती लागतील. ती वहीत उतरवून घ्या आणि मग वरच्या मजकुराकडे वळा.