अडवलेली पोरं: तुमचे अनुभव लिहा

काल भाचीला कॉलेजहून यायला पाऊण तास उशीर झाला. घरात रामायण झालं, त्यात मीही आवाज चढवला. रात्री लाज वाटली, म्हणून हा धागा. घर, वसतिगृह, नाका, दंगा, कशानं का असेना, पोरांचं येणं-जाणं अडलं तेव्हा त्यांच्या बाजूनं कोण उभं राहिलं? उपदेश नकोत. घडलेलं लिहा.

चंदगडकडचा: आमचा जिल्हा कोल्हापूर, पण बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावला. शिनोळी ओलांडली की कर्नाटक. एरवी हद्द कळतही नाही. ती कळली २०२१ च्या फेब्रुवारीत. महाराष्ट्रातून येणाऱ्याकडे ७२ तासांच्या आतला कोरोनाचा आरटीपीसीआर रिपोर्ट हवा असा नियम आला. रोज जा-ये करणाऱ्यानं दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची काय? प्रॅक्टिकलच्या दिवशी मला अडवलं. ड्युटीवरचा पोलीस कानडी, वयानं बाबांएवढा. "बारप्पा, कूड" म्हणत सावलीत बसवलं, "ऊटा आत?" विचारलं. जेवलो नव्हतो. आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली. सोडलं मात्र नाही. मग माझ्याच फोनवरून आमच्या सरांशी कानडीत बोलला: पोरगा वेळेत आला होता, मीच थांबवलंय. सरांनी प्रॅक्टिकल पुढं घेतलं. मी सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं असतं?

निपाणीची: आमच्या वसतिगृहाचं फाटक सातला बंद, मुलांचं दहाला. एवढंच लिहिते, नाहीतर रात्र सरेल.

आजीची नात: बारावीनंतर मला घरी बसवलं. लग्नाचं बघत होते. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली, बायकांना सरकारी बस फुकट. तिकिटाचा प्रश्न सुटला, पण उंबऱ्याचं काय? आजीनं डोकं लढवलं. आधार कार्ड कमरेला खोचून म्हणाली, "यल्लम्माला जायाचंय, पोरीला संगं नेतो." देवीचं नाव घेतल्यावर अडवतंय कोण! सौंदत्तीच्या डोंगरावर दर्शन झाल्यावर वाकडी वाट करून नवीलतीर्थचं धरण बघायला नेलं. तिथं एका झाडाखाली बसली आणि म्हणाली, "माझं गुडघं दुखतंय, तू एकटी फिरून ये जा." गुडघं दुखत नव्हतं. अर्धा तास मी कुणाची तरी मुलगी म्हणून नाही, नुसती चालत होते. पुढं आजीला दर दोन महिन्यांनी देवी आठवायला लागली.

टमटमवाला: डिसेंबर २०२२. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटलेला. गाड्यांवर दगडफेक, काळं फासणं, दोन्हीकडच्या एसट्या बंद. कोगनोळीजवळ चार पोरं परीक्षेचे पॅड घेऊन उभी. नेलं कागलपर्यंत. पैसे घेतले, पण निम्मे. डिझेल काय मराठीवाल्यांची एकीकरण समिती देत नाही, ना कानडीवाल्यांची रक्षण वेदिके.

खानापूरचा बाप: सगळे बापावर तुटून पडताय. आमचं गाव भीमगडच्या जंगलात. वाटेवर अस्वल असतंय, पावसाळ्यात ओढा चढला की शाळा बुडते. मी लेकीला अडवतो ते ह्याच्यापायी. पण हे वाचून वाटलं, उन्हाळ्यातही अडवतोच की. तेव्हा ओढा कोरडा असतो.

धागाकर्ती: @चंदगडकडचा, त्या प्रॅक्टिकलचं पुढं काय झालं?

चंदगडकडचा: त्यात पास. लेखीत उडालो, ताई. त्याला मात्र कुणी अडवलं नव्हतं.