सगळे तज्ज्ञ पगारावर कशाला?

दादा, लातूर-बीड पट्ट्यातल्या रस्ता रुंदीकरणाच्या पर्यावरण अहवालासाठी सगळे तज्ज्ञ वर्षभर पगारावर ठेवावेत, असं तुम्ही वर म्हणालात. मला ते पटत नाही. ध्वनी किंवा भूगर्भाच्या माणसाला सलग काम असतं कुठे? त्यांना दिवसाच्या दराने घ्या. कायम लागतो तो एक समन्वयक आणि एक खमका फील्ड सुपरवायझर, तोही इथलाच, गावोगावी ओळख असलेला.

पैसा खरा जिरतो तो आधारभूत माहितीत, म्हणजे काम सुरू होण्याआधीची हवा-पाणी-आवाजाची स्थिती मोजण्यात. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेखाली साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती लागते. हवेचे नमुने सहसा १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, २४-२४ तास. मार्च ते मे धरलात तर आपल्याकडचं ऊन आणि जाणारी वीज हिशोबात घ्या: जनरेटर, डिझेल, रात्री यंत्राजवळ राखण. कोटेशनमध्ये हे सहजासहजी दिसत नाही. मार्च हुकला तर गाडी थेट ऑक्टोबरवर जाते, अन् मधल्या काळात पगार मात्र चालूच.

जनसुनावणीचा खर्चही एकरकमी लिहू नका. ती जिल्हावार होते. रस्ता दोन जिल्ह्यांतून गेला की मांडव, व्हिडिओ शूटिंग, जाहिरात सगळं दुप्पट. ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे अहवालाचा मराठी सारांश त्याआधी तयार हवा. भाषांतराला वेगळे पैसे ठेवा, नाहीतर ते काम समन्वयकाच्याच गळ्यात पडतं.

झाडमोजणीला मात्र हात आखडू नका. वडाची जुनी झाडं मोजायची राहिली तर सुनावणीत लोक पहिलं तेच विचारतात.