ससून डॉकची गोदामं

मुंबईत समुद्राकाठच्या जुन्या गोदामांत कला बघायला मिळत नाही, असं कुणी म्हणेल. कायमची जागा नाही हे खरं, पण कुलाब्याच्या ससून डॉक या मासळीच्या बंदरात २०१७ साली आणि पुन्हा २०२२-२३ च्या हिवाळ्यात मोठी प्रदर्शनं भरली होती. गोदी १८७५ची. पहिल्या वेळी मी आईला घेऊन गेले होते. भिंतीवर कोळी माणसांचे मोठाले फोटो, आणि तिथून जवळच मावश्या कोलंबी सोलत बसलेल्या! आई चित्रांपेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलली. मासळीचा वास येतोच, तो त्या जागेचाच आहे. गोदामं कलेसाठी जरूर उघडावीत, पण कोळणींना उठवून अजिबात नाही. मासळीचा लिलाव बघायचा असेल तर पहाटेच पोचा.