स्वस्तातली बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफल: पैसे नेमके कुठे वाचवलेले असतात?

नवखा_नेमबाज

.२२ वर हात बसला आहे, शिकारीचा परवानाही झाला. आता पहिली सेंटरफायर (मोठ्या शिकारीच्या ताकदवान काडतुसाची) रायफल घ्यायची आहे. हरीण आणि रानडुक्कर, अंतर २५० मीटरच्या आत, काडतूस .३०८ विंचेस्टर. यादीत रुगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस २, मॉसबर्ग पेट्रियट आणि विंचेस्टर एक्सपीआर आहेत. थोडे ताणले तर टिक्का टी३एक्स लाइट किंवा होवा १५०० बसेल.

जिथे वाचतो तिथे सगळ्याच 'एक एमओए' (१०० मीटरवर साधारण तीन सेंटीमीटरचा गट) मारतात. मग टिक्का-होवाला जास्त पैसे का मोजायचे? आणि हातात घेतल्यावर काय बघायचे?

---

लोहारकाम

नळीकडे बघून निवडू नका, कारण पैसे तिथे वाचवलेलेच नसतात. रुगर, टिक्का आणि होवाच्या नळ्या हॅमर-फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या), सॅव्हेजच्या बटन-रायफल्ड (आतल्या खाचा कडक गुंडी ओढून पाडलेल्या). दोन्ही पद्धतींनी कमी खर्चात सरळ आणि एकसारखी नळी निघते. महाग असते ते माणसाच्या हाताचे काम, आणि स्वस्त रायफलीत नेमके तेच काढून टाकलेले आहे.

सॅव्हेजचेच बघा. नळी रिसीव्हरमध्ये (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला सांगाडा) खांद्यापर्यंत कसत नाहीत. गेज लावून हेडस्पेस (काडतूस बसायला बोल्टपुढे राहणारी नेमकी जागा) जुळवतात आणि मागून नट घट्ट करतात. नळीचा खांदा कानशीने घासत बसायला नको. बोल्टचे डोकेही वेगळा, किंचित हलणारा भाग आहे. त्यामुळे दोन्ही लग (बोल्टला कुलूप लावणारे दात) आपोआप सारखे टेकतात आणि ते घासून जुळवायचे कामही वाचते. १९५८ च्या मॉडेल ११० पासून नळीवरचा नट ही सॅव्हेजची ओळख आहे.

मग कात्री कुठे लागते? पहिली दस्त्याला. अ‍ॅक्सिसचा साच्यातला दस्ता पुढे इतका लवचिक आहे की बायपॉडवर भार दिला किंवा स्लिंग ताणली की तो नळीला टेकतो. टेकला की गोळी हलते, आणि दर वेळी सारखी हलत नाही. तिथून पुढे माणूस काडतुसे बदलत बसतो, दोष असतो प्लास्टिकचा.

रुगर अमेरिकनचा दस्ताही फार कडक नाही, पण त्यात व्ही-आकाराचे दोन धातूचे ठोकळे बसवलेले आहेत आणि रिसीव्हर त्यांवर टेकतो. या किमतीत बेडिंगचा, म्हणजे रिसीव्हर दस्त्यात घट्ट बसवण्याचा, हा सर्वांत हुशार उपाय आहे. टिक्कामध्ये रिकॉइल लग (धक्का दस्त्यावर पोचवणारी पट्टी) दस्त्यात बसते आणि रिसीव्हरच्या खालच्या खाचेत शिरते. जुन्या टी३ मध्ये ती अ‍ॅल्युमिनियमची होती आणि जड काडतुसांनी चेपायची. २०१६ च्या टी३एक्सपासून ती पोलादी झाली. होवाचा रिसीव्हर खालून सपाट आणि लग त्यातूनच घडवलेली. जड आहे, पण दस्ता बदलायचा किंवा नीट बेडिंग करून घ्यायचे तर याच्याइतके सोपे काही नाही. वेदरबी व्हँगार्डच्या आतही हीच होवाची अ‍ॅक्शन असते, जुनी मिळाली तर विचार करा.

---

डोंगरवाट

वरचे पटले. चाप, सेफ्टी आणि मॅगझिनबद्दल भर घालतो, कारण रोज हाताला लागते ते हेच.

चाप: रुगर ३ ते ५ पौंड, मॉसबर्ग २ ते ७, टिक्का २ ते ४ पौंडांत जुळवता येतो. टिक्काच्या चापाला ना सरक ना खरखर, काचेची काडी मोडावी तसा सुटतो. होवाचा दोन टप्प्यांचा. काहींना आवडत नाही, पण हातमोजे घालून मारायचे असेल तर पहिला टप्पा कामाचा असतो. अ‍ॅक्सिस घ्याल तर '२'च घ्या. साध्या अ‍ॅक्सिसचा चाप जड आणि न जुळवता येणारा, '२' मध्ये अ‍ॅक्यूट्रिगर मिळतो. हा जुळवता येणारा, मध्ये सुरक्षेची पाती असलेला चाप. ती पाती दाबली न जाता बाजूने चाप ओढला गेला, तर 'टक्' आवाज येतो आणि बार निघत नाही. नवे लोक याला मिसफायर समजतात. बोल्टची मूठ उचलून परत खाली केली की चाप पुन्हा तयार.

सेफ्टी: रुगरची पहिली पिढी आणि अ‍ॅक्सिस, दोन्हींत ती अंगठ्याखाली आहे पण बोल्ट लॉक करत नाही. खांद्याला लावून झुडपांतून गेलात की मूठ फांदीला अडकून अर्धी उचलली जाते. वेळेवर चाप ओढला की काहीच होत नाही. टिक्काची सेफ्टी बोल्ट लॉक करते, पण रायफल रिकामी करायला ती काढावीच लागते. होवाच्या तीन टप्प्यांच्या सेफ्टीत हा पेच नाही. मधल्या टप्प्यावर चाप बंद राहतो आणि बोल्ट उघडतो. एक्सपीआरमध्ये त्यासाठी वेगळे बटन आहे.

बोल्ट: रुगर व टिक्काची मूठ ७० अंश उचलावी लागते, एक्सपीआरची ६०, अ‍ॅक्सिसची ९०. कमी अंश म्हणजे मूठ आणि दुर्बिणीच्या मागच्या भागात बोटांना जास्त जागा. पण स्प्रिंग दाबायचे काम तेवढेच, ते कमी वळणात करायचे, म्हणून मूठ उचलताना जड लागते. त्याला खराबी म्हणू नका.

मॅगझिन: रुगरच्या पहिल्या पिढीत गोल फिरणारे प्लास्टिकचे, आणि त्याला धरून ठेवणारी खिटीही प्लास्टिकची. नीट 'खट्' वाजेपर्यंत बसवले नाही तर चालताना गळून पडते. काढता येणारे मॅगझिन कुठलेही असो, रायफलीबरोबरच एक जादा घ्या. होवाचे खालचे बिजागरीचे झाकण जुन्या वळणाचे आहे, पण हरवायला काही नाही.

---

नवखा_नेमबाज

म्हणजे रुगर किंवा होवा असे दिसते. दुकानात पाच मिनिटे मिळाली तर काय तपासू?

---

लोहारकाम

आधी बोल्ट उघडा, चेंबर आणि मॅगझिन डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. मगच पुढचे.

साध्या कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून घाला आणि मागे रिसीव्हरपर्यंत सरकवा. अडली तर तिथे दस्ता टेकतोय. सरकली तरी थांबू नका. दस्त्याचे पुढचे टोक काउंटरच्या कडेवर ठेवून मूठभर वजन द्या आणि पट्टी पुन्हा ओढा. अ‍ॅक्सिसची खरी परीक्षा इथे होते.

मग सेफ्टी. बोल्ट बंद, सेफ्टी लावलेली, चाप जोरात ओढा, सोडा. आता सेफ्टी काढा. या क्षणी फायरिंग पिन पडली तर रायफल परत ठेवा, पुढे बोलूच नका. मग सेफ्टी काढलेली असताना बोल्ट सात-आठ वेळा जोरात आपटून बंद करा. एकदाही पडता कामा नये. चाप घरी हलका केलात तर हीच चाचणी दर वेळी, आणि खालच्या मर्यादेच्या थोडे वरच राहा.

दुकानदार तयार असेल तर डमी काडतुसे मॅगझिनमध्ये भरून, एकदा हळू आणि एकदा झटक्यात चढवून बघा. हळू केल्यावर टोक अडकत असेल तर ते मॅगझिनच्या ओठांमुळे (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा). झटक्यात केल्यावर रिकामेच पुढे जात असेल तर स्प्रिंग कमजोर.

---

आकडेमोड

'एक एमओए' या शब्दावर जरा थंड पाणी ओततो. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर २९ मिलीमीटर. आता कोण किती गोळ्यांचा गट मोजतो ते विचारा. एकाच रायफलीचे तीन गोळ्यांचे गट सरासरी २५ मिलीमीटर येत असतील, तर तिचेच पाच गोळ्यांचे गट सरासरी ३२ आणि दहांचे ४० येतील. रायफल बिघडली नाही, फक्त जास्त गोळ्यांत खरा फैलाव दिसला. तीन गोळ्यांचा सर्वांत छान गट निवडून फोटो टाकला की कुठलीही रायफल जगात भारी.

आणि तुम्हाला लागते किती? हरणाचा मर्मभाग साधारण २० सेंटीमीटर व्यासाचा धरतात. २ एमओएची रायफल २५० मीटरवर साडेचौदा सेंटीमीटरच्या वर्तुळात मारते. यादीतली कुठलीही रायफल एवढे करते. उरलेली चूक माणसाची, वाऱ्याची आणि अंतराच्या अंदाजाची.

म्हणून टिक्काबाबत माझे मत वेगळे आहे. तिचा मुलायम बोल्ट आणि चाप पैसे वसूल करतो, पण फरकाचे पैसे दुर्बिणीतून कापून भरायचे असतील तर रुगर घ्या आणि चांगली काच लावा. पहाटेच्या अंधुक उजेडात तेच उपयोगी पडते.

वजनाचेही ध्यानात ठेवा. एकाच काडतुसाला ३ किलोच्या रायफलीच्या धक्क्याची ऊर्जा ३.५ किलोवालीपेक्षा सुमारे १७ टक्के जास्त. लाइट रायफल डोंगर चढताना गोड, टेबलावर वीस गोळ्या झाडल्यावर डोळे मिटायला लावते. वरती होवाचे वजन उणे म्हणून मोजले गेले, ते शिकणाऱ्याला अधिक आहे.

---

डोंगरवाट

आकडेमोड यांच्याशी सहमत, फक्त बारीक नळीचे एक राहिले. तीन गोळ्यांनंतर हात लावून बघा. धरवत नसेल तर थांबा. तापल्यावर गट वर किंवा बाजूला चालत गेला तर तो नळीचा स्वभाव. शिकारीला थंड नळीची पहिली गोळीच महत्त्वाची, म्हणून वेगवेगळ्या दिवशी एकेक थंड गोळी एकाच कागदावर मारून ठेवा. १५० ग्रेन वजनाची, सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास निघणारी गोळी असेल तर १०० मीटरवर ५ सेंटीमीटर वर लावा. २०० वर ती नेमकी बसते आणि २५० वर सुमारे १० सेंटीमीटर खाली जाते.

---

लोहारकाम

आणि दुर्बीण बसवताना. 'नवी रायफल मारतच नाही' या तक्रारींतले निम्मे इथेच सुटतात. स्क्रूच्या भोकांतले कारखान्याचे तेल आधी काढा, नाहीतर घट्ट केलेला स्क्रू धक्क्यांनी ढिला होतो. बहुतेक रिंगांच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरते. त्यापुढे दुर्बिणीचे नळकांडे चेपते आणि फोकसची कडी अडकते. अ‍ॅक्शनचे स्क्रू मात्र ज्या त्या रायफलीच्या पुस्तिकेप्रमाणे, प्रत्येकीचा आकडा वेगळा.

रिंगांखालची धातूची पट्टी रिसीव्हरवर लावल्यावर बोल्ट बंद करताना शेवटच्या वळणात आधी नव्हता असा अडथळा जाणवला तर सर्वांत पुढचा स्क्रू काढून बघा. बोल्ट सुटला तर स्क्रू लांब आहे, आत लगला टेकतोय. अर्धा आटा घासून कमी करा आणि परत लावा. टिक्का घेतलीत तर रिसीव्हरवरच १७ मिलीमीटरची खाच असते, तिच्या मापाच्या रिंगा थेट बसतात, पट्टीही नको आणि हा घोळही नको.